मऊ कोपरे

४ ऑक्टोबर

ताई,

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हा कागद. कागद मध्येच कट करता येत नाही. फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस एकदा तरी वाचतोच, आणि तुम्ही तर शाळेतल्या, खेळाच्या तासाच्या बाई. पोरांच्या चिठ्ठ्यासुद्धा जप्त करून आधी वाचता आणि मग ओरडता.

त्या रविवारी तुमच्या घरी आमच्या भिंगरीने फ्रॉकवर दूध सांडलं. फ्रॉक बदलताना तुम्ही तिची पाठ पाहिलीत, मांड्या पाहिल्यात, आणि तिला तशीच उघडी धरून वळलात. "हिला कोण मारतं?" प्रश्न तुमच्या बहिणीला होता, नजर माझ्यावर होती. अर्थात, मी घरातला एकटा पुरुष, त्यातून सोफे बनवणारा. दिवसभर माझ्या हातात हातोडी असते. संशय घ्यायला आणखी काय लागतं?

मुलांच्या अंगावरचे वळ कसे ओळखायचे याचं तुमच्या शाळेत नुकतंच शिबिर झालं होतं, हे मला नंतर कळलं. चांगली गोष्ट आहे. शिकलेलं वापरून बघायची घाई सगळ्यांनाच असते. मी स्टेपल मारायची नवी बंदूक आणली तेव्हा आठवडाभर दिसेल त्याला स्टेपल मारत होतो. कारखान्यातल्या काकांच्या टोपीलासुद्धा मारला.

तुमची बहीण तिथल्या तिथे उठली, भिंगरीला ओल्या फ्रॉकसकट उचललं आणि म्हणाली, "ताई, आजपासून तुझं-माझं संपलं." ती माझ्या बाजूने उभी राहिली. पूर्णपणे माझ्या बाजूने. हे तुम्हाला मुद्दाम सांगतो.

आता उत्तर ऐका. हिला कोणी मारत नाही.

तुमच्याकडून आल्यावर डाग वाढत गेले. कुठे जांभळे, कुठे हिरवट. मग पायांवर बारीक लाल ठिपके उठले, कोणी लाल पेनाचं टोक टेकवत गेल्यासारखे. आम्ही मुलांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी काचेचा पेला ठिपक्यांवर दाबून धरला. पुरळ असतं तर दाबल्यावर फिकं झालं असतं, हे झालं नाही. त्यांनी आधी मला विचारलं, "घरी मुलीला कोण कोण सांभाळतं?" तुमचाच प्रश्न, फक्त कपडे घातलेला. मग विचारलं, "महिन्याभरात सर्दी-ताप काही झालं होतं?" झालं होतं. तिच्या बालवर्गातली सगळीच पोरं शेंबडी झाली होती, हीसुद्धा झाली, दोन दिवस तापली आणि बरी होऊन पुन्हा गिरकी घ्यायला लागली. आम्ही ते विसरूनही गेलो होतो.

रक्त तपासलं. प्लेटलेट म्हणून रक्तात बारीक कण असतात, जखम झाली की ते धावत जाऊन भोक बुजवतात. ते दीड लाखाच्या वर हवेत. भिंगरीचे नऊ हजार आहेत. आजाराचं नाव लांबलचक आहे, डॉक्टरबाईंनी ते तीन इंग्रजी अक्षरांत गुंडाळून दिलं. समजावलं मात्र छान. म्हणाल्या, "व्हायरसशी लढायला शरीराने रखवालदार नेमले. व्हायरस पळाला, पण रखवालदार काही घरी जायला तयार नाहीत. आता ते घरच्याच माणसांना चोर समजून बडवताहेत."

मला लगेच तुमची आठवण झाली.

रिपोर्टची प्रत सोबत आहे. नीट वाचा. मी रागावलेलो नाही.

तुमच्या बहिणीचा नवरा


९ ऑक्टोबर

ताई,

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे, मी काही उत्तरासाठी लिहिलं नव्हतं. पोस्टमन आला की मी दारात उभा असतो, ते फोमच्या नमुन्यांसाठी.

डॉक्टरबाईंनी काय औषध दिलं माहीत आहे? काहीच नाही. म्हणे नुसते डाग आहेत तोवर औषधाची गरज नाही, बहुतेक मुलांचं हे आपोआप बरं होतं, कोणाचं काही आठवड्यांत, कोणाचं काही महिन्यांत. तोवर वाट बघायची. रक्त पातळ करणारी तापाची औषधं द्यायची नाहीत, नाकातोंडातून रक्त आलं तर धावत यायचं, आणि डोक्याला मार लागू द्यायचा नाही. कारण आत रक्त सुटलं तर ते थांबवायला कोणी नाही.

साडेतीन वर्षांच्या मुलीच्या डोक्याला मार लागू द्यायचा नाही! तिला भिंगरी हे नाव तुम्हीच ठेवलंत ना? तिला जागेवर बसलेली कोणी पाहिली आहे का? मी बाईंना विचारलं, "म्हणजे आम्ही नक्की करायचं काय?" त्या म्हणाल्या, "लक्ष ठेवा." लक्ष ठेवणं हे काय काम झालं? त्यात हाताला काय लागतं? लोकांनी निवांत बसावं म्हणून मी आयुष्यभर सोफे केले, पण मला स्वतःला बसवत नाही. घरात येरझाऱ्या घालतो. तुमची बहीण म्हणते, फरशी झिजेल.

मग मला कोपरे दिसायला लागले. तुम्ही कधी तुमच्या घरातले कोपरे पाहिलेत? टेबलाला आहेत, पलंगाला आहेत, दाराच्या चौकटीला, कपाटाला, खिडकीच्या कट्ट्याला. प्रत्येक कोपरा बरोबर तिच्या कपाळाच्या उंचीवर. मी कारखान्यातून फोम आणला, जाड कापड आणलं, आमच्या काकांना बोलावलं. हे काका म्हणजे वडिलांच्या वेळेपासूनचे कारागीर, शिवतातही आणि टेम्पोही चालवतात. बोलतात एवढं कमी की गिऱ्हाईकांना वाटतं ते रुसलेत. कोपरा हाच आमच्या धंद्याचा कस असतो. तिथे कापड चुरगळलं, फोम उघडा पडला, की सोफा गेला. त्यामुळे आम्हा दोघांना तेवढं एकच येतं आणि ते चांगलं येतं. सगळ्या घराला शिवण घातली. भिंतींनासुद्धा, तिच्या डोक्याच्या वर हातभर. दिवाणखान्यातल्या बाकाला तर मी एवढा फोम लावला की त्यावर बसलेला माणूस गायबच होतो.

तुमची बहीण कामावरून आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, "आपण घरात राहायचंय की उशीत?" पण हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

आणि भिंगरी! आधी तिने एकेक कोपरा बोटाने दाबून पाहिला. मग डोकं टेकवलं. मग आपटलं. काल टेबलाच्या कोपऱ्यावर मुद्दाम डोकं आपटून मला म्हणाली, "बघ बाबा, काही नाही झालं." बाकाला पाठ करून उभी राहते, हात पसरते आणि डोळे मिटून धाडकन मागे पडते. फोम तिला झेलतो. पुन्हा उठते, पुन्हा पडते. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या लक्ष ठेवा, आणि मी घरालाच लक्ष ठेवायला लावलं.

बाकी सगळं व्यवस्थित आहे. तुमची बहीण हल्ली भिंगरीला स्वतःच अंघोळ घालते, दार लावून. पूर्वी ते काम माझं होतं. बरंच आहे, मला तेवढाच वेळ मिळतो.

तुमच्या बहिणीचा नवरा


१७ ऑक्टोबर

ताई,

मागच्या पत्रात मी बढाया मारल्या. आज सरळ लिहितो.

भिंगरीच्या नाकातून रक्त आलं. खेळता खेळता आलं, काही लागलं नव्हतं. तिने बाहीला नाक पुसलं, लाल बाही पाहिली आणि आम्हाला दाखवायला आली, चित्र काढलं की दाखवायला येते तशी. मी टॉवेल शोधायला धावलो. तुमच्या बहिणीने तिला पुढे वाकवून नाक चिमटीत धरलं आणि गोष्ट सांगत राहिली. आवाज जराही हलला नाही. रक्त थांबलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथे नुसतीच उभी राहिली.

पुन्हा तपासणी झाली. अकरा हजार. मी म्हणालो, "वाढले!" डॉक्टरबाई म्हणाल्या, "एवढा फरक मशीनचाही असू शकतो. जास्त रक्त आलं तर दाखल करून सलाईनमधून औषध देऊ. तोवर वाट बघू." पुन्हा वाट. मला त्या शब्दाचा एवढा राग यायला लागलाय की गिऱ्हाईकालाही मी आता 'जरा वाट बघा' म्हणत नाही, 'नंतर या' म्हणतो.

बालवर्गवाल्यांनी हिला ठेवून घ्यायला नकार दिला. त्यांचंही बरोबर आहे, पोरं ढकलाढकली करणार. तुमच्या बहिणीच्या चष्म्याच्या दुकानातली रजा संपली. माझ्याकडे एका नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम अंगावर आलंय, आणि कारखान्यात सुया, कात्र्या, खिळे. तिथे तिला आणता येत नाही. आम्ही दोघं पाळ्या लावतो, दारात एकमेकांच्या हातात मुलगी देतो आणि पळतो.

आणखी एक आहे. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

परवा तुमच्या बहिणीने मला विचारलं. दुपारी, मी जेवत असताना. समोर तो रिपोर्ट पडलेला, त्यावर आमटीचा एक थेंबही मीच सांडलेला. म्हणाली, "तू कधी... म्हणजे एकदासुद्धा?"

मी म्हणालो, "नाही."

"माहितीये मला," ती म्हणाली. "तरी एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

म्हणजे एवढे दिवस दार लावून अंघोळ चालली होती ती उगाच नव्हती. मी ताट तसंच ठेवून कारखान्यात गेलो आणि एक तयार खुर्ची पूर्ण उसवून पुन्हा शिवली. काका बघत होते. दोरा संपला तेव्हा त्यांनी नवा दिला.

तिच्यावर मी चिडलेलो नाही. तुमच्यावर आहे. प्रश्न तुम्ही घरात सोडलात आणि निघून गेलात, तो आमच्याबरोबर राहिला, आमच्या ताटात जेवला. पण खरं सांगू का, तुम्ही फ्रॉक काढून ते डाग पाहिले नसते तर आम्ही डॉक्टरकडे आणखी किती उशिरा गेलो असतो कोण जाणे. आम्हाला वाटायचं, पोर धडपडी आहे. हेही मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. चिडायचं आणि उपकारही मानायचे, एकाच माणसाचे, हे फार दमवणारं काम आहे.

तुमची बहीण दिवसातून एकदा तरी फोन हातात घेते, तुमच्या नावापर्यंत जाते आणि खाली ठेवते. तिला वाटतं मला दिसत नाही. आई गेल्यावर तुम्हीच तिच्या वेण्या घातल्यात, डबे भरलेत. ती माझ्यासाठी तुमच्याशी भांडली, आणि आता मागे कसं फिरायचं ते तिला कळत नाही. तुम्हालाही कळत नसेल. तुम्ही दोघी एकाच साच्यातल्या.

या, ताई. मी घरी असलो की तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी कारखान्यात थांबेन. पण या. भिंगरी तुमच्या शिट्टीशिवाय कोणाचं ऐकत नाही.

तुमच्या बहिणीचा नवरा


२३ ऑक्टोबर, सकाळ

ताई,

हे भिंगरीच्या पिशवीत ठेवतोय, कारण दारात उभं राहून बोलायला गेलो तर पुन्हा काहीतरी वेडंवाकडं बोलेन.

तुम्ही परवा आलात. बेल वाजली, मी दार उघडलं, आणि तुम्ही म्हणालात, "बहीण कुठे आहे?" नमस्कार नाही, काही नाही. मग आत तुम्ही दोघी बराच वेळ नळ सोडून भांडी घासत होता. घरात तेव्हा एकही भांडं खरकटं नव्हतं. नंतर तुम्ही बाहेर आलात आणि मला म्हणालात, "मी विचारलं ते विचारायलाच हवं होतं. पण तुमच्याकडे बघून विचारायला नको होतं." मी "बसा" म्हणालो. तुम्ही बाकावर बसलात आणि फोममध्ये बुडालात, तेव्हा मला हसू आलं, माफ करा.

आजचा दिवस तिला तुमच्याकडे ठेवताय, फार आधार वाटला. तुम्हाला शाळेच्या सुट्टीतली कामं घरूनच करायची आहेत, म्हणून तिला तिकडे नेणंच सोयीचं, हे पटलं. खुर्च्या आज द्यायच्या आहेत, नाहीतर मीच थांबलो असतो.

सूचना लिहितो. ताप आला तर पिशवीतलंच औषध, दुसरं कुठलंही नाही. जिन्यावर एकटी सोडायची नाही. खेळायला धारदार काही नाही. दात घासायला मऊ ब्रश पिशवीत आहे. नाकातून रक्त आलं तर पुढे वाकवायचं, मागे नाही. सफरचंद कापून, सोलून. दुपारी झोपणार नाही असं म्हणेल, शिट्टी दाखवा. डॉक्टरबाईंचा नंबर पिशवीच्या आतल्या बाजूला शिवून ठेवलाय, हरवायला नको म्हणून.

सगळं लिहिलं. काही राहिलं असं वाटत नाही.

तुमचा मेहुणा


२३ ऑक्टोबर, दवाखान्यातून

ताई,

तुमचा फोन बंद आहे. मला कळलं तुम्ही का बंद केलात. हा कागद काकांबरोबर पाठवतोय. इथे बाहेर लोखंडी खुर्च्या आहेत, कोणीतरी मुद्दाम माणसाने बसू नये म्हणून बनवल्यासारख्या. मी उभ्यानेच भिंतीला कागद लावून लिहितोय, म्हणून अक्षर असं.

भिंगरीला आत मशीनमध्ये नेलंय, डोक्याचा फोटो काढायला. तुमची बहीण तिच्याबरोबर आहे. आत एकालाच जाता येतं.

काय झालं ते मला नर्सने सांगितलं, तुम्ही तिला सांगितलंत तसं. तुम्ही फोन घ्यायला वळलात. भिंगरी तुमच्या लाकडी बाकासमोर उभी होती. वळून बघता तोवर ती मागच्या मागे पडली, आणि बाकाची कड कानाच्या मागे लागली. तुम्ही तिला उचलून खाली धावलात, पहिल्या गाडीला हात केलात, इथे पोचलात आणि दारातच सांगितलंत, "माझ्या हातून झालं. माझं लक्ष नव्हतं." आम्ही आलो तेव्हा तुम्ही टेबलाजवळ उभ्या होता. तुमच्या बहिणीने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत आणि निघून गेलात.

मी तुम्हाला थांबवलं नाही. का नाही थांबवलं तेही लिहितो. माझ्या जिभेवर होतं. तुमचेच शब्द, तुमच्याच नजरेने. मला वाटलं, आता कळेल या ताईला कसं वाटतं ते. एवढं नीच मी माझ्याबद्दल कधी काही लिहिलं नसेल, पण त्या क्षणी मला बरं वाटलं, ताई. मूल आत तपासणीच्या पलंगावर आणि मला बरं वाटलं.

मग मी आत गेलो. डॉक्टरांनी भिंगरीला पलंगावर बसवलं होतं. कानामागे गाठ आलेली, जांभळी, टपोरी. पण ती जागी होती, बोलत होती. डॉक्टर बॅटरी आणायला वळले, आणि भिंगरीने माझ्याकडे पाहून हात पसरले, डोळे मिटले. तिच्या मागे पलंगाचा लोखंडी दांडा होता. कळायच्या आत माझा हात मध्ये गेला. ती माझ्या हातावर पडली, दांड्यावर माझी बोटं चेचली. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "बाबा, हा कोपरा शिवला नाहीस."

तेव्हा मला कळलं.

ती तुमच्या बाकावर पडली नव्हती, ताई. तिने स्वतःला टाकलं होतं. डोळे मिटून, हात पसरून, पूर्ण भरवशाने. कारण मी तिला दोन आठवडे शिकवलं की बाक झेलतो, कोपरा झेलतो, भिंत झेलते. साडेतीन वर्षं पडून-धडपडून पोर जेवढं घाबरायला शिकली होती, तेवढं मी फोम लावून पुसून टाकलं. आणि मग तिला ज्या घरात कोपरे खरे आहेत तिथे पाठवलं. पिशवीत सफरचंद कसं कापायचं ते लिहून दिलं आणि हे लिहिलं नाही. सुचलंच नाही. सोफेवाला सोडून दुसऱ्या कोणा बापाच्या हातून ही चूक झाली असती का? दुसऱ्या बापाने नुसतं लक्ष ठेवलं असतं.

इथे एक बाई कागदावर सगळं लिहून घेतात. त्यांनी विचारलं, "पडली तेव्हा मूल कोणाकडे होतं?" मी म्हणालो, "तिच्या मावशीकडे. पण लिहा की बापामुळे पडली." त्या म्हणाल्या, "तुम्ही तिथे होता?" मी म्हणालो, "नव्हतो, तरी लिहा." त्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही.

थांबा, बोलावताहेत.

आलो परत. ताई, डोक्यात रक्त नाही. नाही! डॉक्टरांनी फोटो दाखवला, मला त्यातलं काडीचंही कळलं नाही, पण त्यांनी दोनदा सांगितलं. गाठ बाहेरच्या बाजूला आहे. पण प्लेटलेट सात हजारांवर आलेत, त्यामुळे आता कोणी वाट बघणार नाही. दाखल करून घेतलंय. सलाईनमधून औषध चालू करताहेत, ते त्या अडेल रखवालदारांना शांत करतं. हळूहळू द्यायचं असतं, त्याला बरेच तास लागतात. तेवढा वेळ तिने हात हलवायचा नाही. आत्ताच तिने एकदा सुई उपटली आणि रक्त थांबायला इतका वेळ लागला की मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. उद्यापर्यंत धोका टळला असं म्हणता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. ती कोणाचं ऐकत नाही. माझं नाही, आईचं नाही. तुमचं नाव घेऊन ओरडतेय, सगळ्या मजल्याला कळलंय मावशी कोण ते.

तुमची बहीण आत्ता बाहेर आली. मी काय लिहितोय ते विचारलं, कागद हातातून घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. ते नीच वाक्यही वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, खाली माझं लिही. तिच्या शब्दांत लिहितोय:

"ताई, मी तुझ्याकडे तसं बघत नव्हते गं. तुझ्या बाहीवर रक्त होतं. ते तिचं आहे की तुला लागलंय, एवढंच बघत होते. ती तुझ्यासाठी रडतेय, आणि मीपण."

तिला आता पुन्हा आत जायचंय. सुई पुन्हा लावताहेत, ओरडणं इथवर ऐकू येतंय.

काका टेम्पो घेऊन तुमच्या दाराशी येतील. मागे नाट्यगृहाच्या खुर्च्या तशाच भरलेल्या आहेत, पोचवायच्या राहिल्या. नाटकवाले बसतील आज जमिनीवर. काकांना सांगितलंय, ताई गाडीत बसल्याशिवाय टेम्पो हलवायचा नाही. ते तुमच्याशी वाद घालणार नाहीत, समजावणार नाहीत, बेलही दुसऱ्यांदा वाजवणार नाहीत. नुसते खाली थांबून राहतील. त्यांना वाट बघता येते.